तर्जनीचा पत्ता

१२ जानेवारी

भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, हात तेवढा तुझ्या काकांचा. मी बोलते आणि हे लिहितात. पोस्टात टपाल वेगळं करण्यात ह्यांची सगळी नोकरी गेली, पण दुसऱ्याचं पत्र कधी उघडून वाचलं नाही. आता माझं अक्षर न् अक्षर ऐकावं लागतंय, तर चेहरा बघण्यासारखा झालाय. [चेहरा नेहमीसारखाच आहे. – काका]

तर झालं असं. दुकानात कपडे घालून बघायची जी छोटी खोली आहे, तिथल्या उभ्या आरशाचा खिळा डिसेंबरच्या शेवटी निसटला. आत गिऱ्हाईक होतं. मी धावत जाऊन आरसा धरला. गिऱ्हाईक वाचलं, आरसा फुटला आणि एक काच माझ्या उजव्या मनगटात पार आतपर्यंत गेली. रक्त थांबलं, पण अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट माझी राहिली नाहीत. चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तशी गप्प. सर्जनने सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडली. तुमच्या शिलाईपेक्षा बारीक टाके घातलेत, म्हणाला. मी म्हटलं, उलटी बाजू दाखवा, मग सांगते. तो हसला. पण पुढे काय, असं विचारलं तर एवढंच म्हणाला, "वाट बघा."

कशाची आणि कुठवर? शेजारचा लाँड्रीवाला हळहळायला आला होता. जाताना दुकानाची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजून गेला. त्याला मधली भिंत पाडून लाँड्री मोठी करायची आहे. घाई नाही, जूनअखेर सांगा, म्हणाला. सुई धरता न येणारी शिंपीण दुकान ठेवून काय करणार, हे तो बोलला नाही, तेवढा सभ्य आहे. पण मी तेच म्हणते आहे. मी या दुकानाशिवाय दुसरं काही केलेलं नाही आणि मला दुसरं काही करायचंही नाही.

तू इतकी वर्षं नसांवरच शिकते आहेस. म्हणून सरळ विचारते. माझी बोटं परत येतील का? हो की नाही, एका शब्दात लिही. बाकीच्या कागदावर हवं ते लिही.

मावशी

[सांगितलं तसं लिहिलं आहे. सर्जनबद्दलचा एक शब्द गाळला. – काका]


२१ जानेवारी

मावशी आणि काका, दोघांनाही नमस्कार.

बातमी वाचली. आरसा पडू द्यायचा होतास. पण तू तो पडू दिला नसतासच, हेही ठाऊक आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मावेल असं नाही. मी इथे काय करते ते सांगते, त्यावरून तुला अंदाज येईल.

आमच्याकडे उबवणीच्या यंत्रात कोंबडीची अंडी असतात. तिसऱ्या दिवशी मी कवचाला नखाएवढी खिडकी कापते. आत पिल्लू अजून पिल्लू नसतं, एखाद्या स्वल्पविरामाएवढं काहीतरी असतं. जिथे पुढे पाय फुटणार तिथे बारीकसा उंचवटा दिसतो. एका बाजूचा उंचवटा मी काढून टाकते, खिडकीला चिकटपट्टी लावते आणि अंडं परत उबेत ठेवते. काही दिवसांनी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे पातळ काप करून दोन्हीकडच्या चेतापेशी मोजते. पाय आहे त्या बाजूला त्या भरपूर असतात. पाय काढला त्या बाजूला फारच थोड्या उरतात. पेशी तयार झालेल्या असतात, त्यांनी तंतूही बाहेर काढलेले असतात. पण पोचायला जागाच नाही, म्हणून मरतात. उलट, एखाद्या बाजूला जास्तीचा पाय जोडला तर तिथे नेहमीपेक्षा जास्त पेशी जगतात.

आपल्याला वाटतं मेंदू मालक आणि हातपाय नोकर. इथे मामला उलटा आहे. स्नायू किंवा कातडी स्वतः एक द्रव्य बनवते. ते ज्या तंतूला मिळेल त्याची पेशी जगते, वाढते, फांद्या फोडते. द्रव्य मोजकंच असतं आणि पेशी मात्र गरजेच्या जवळपास दुप्पट जन्माला येतात. ज्यांच्या वाट्याला काही येत नाही त्या गळून जातात. यात कुणाची चूक नसते, पिल्लू घडतंच तसं.

म्हणजे तुझी नस तुटली असली तरी बोटं जिवंत आहेत आणि ती तंतूला बोलावताहेत. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत किती अंतर, हे मी तुला सांगायला नको.

जप.

भिंगरी


४ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. एका शब्दाचं उत्तर काही सापडलं नाही. लहानपणीही तू अशीच. बरणी कुणी फोडली विचारलं की शेजारच्या मांजराची हकिकत सुरू करायचीस. तुला आता भिंगरी म्हणायचं की कोंबडीवाली, तूच ठरव. ह्यांनी तर तुझं पत्र वाचल्यापासून सकाळचं अंडं बंद केलं आहे. [दोन दिवस बंद होतं. आता सुरू आहे. – काका]

पण मी काही अगदीच अडाणी नाही, मुद्दा कळला. माल थोडा आणि मागणारे फार. कापडाचा एकच तागा आहे आणि दारात दहा गिऱ्हाइकं उभी आहेत. जो पुढे घुसेल त्याचा झगा होणार, मागचा हात हलवत घरी जाणार. आता माझ्याकडे बघ. महिनाभर डावा हात सगळी कामं करतो आहे. कुलूप तोच उघडतो, केस तोच विंचरतो, भाजी तोच चिरतो. सारखा तोच पुढे पुढे. मग उजव्याच्या वाट्याला काय येणार?

हाताची पट्टी सुटली. माझं मी बघते आहे. सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

मावशी

[इथे मी स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडायला लावलं. – काका]


२ मार्च

चि. भिंगरीस,

हे पत्र माझं एकट्याचं आहे. तुझी मावशी तपासणीसाठी दवाखान्यात आत गेली आहे आणि मी बाहेर बाकावर बसून लिहितो आहे. तिला हे ठाऊक नाही.

तुझ्या पत्रानंतर तिनं ठरवलं की डावा हात उजव्याचं खातो. तेव्हापासून सकाळी ती डावा हात मापाच्या टेपनं कमरेला बांधून घ्यायची आणि दिवसभर सगळं उजव्यानंच करायची. एका हातानं गाठ येत नाही, म्हणून गाठ मी मारायचो. मला ते पटत नव्हतं, पण मी मूग गिळून बसलो. नोकरीत कायम पाकिटावरच्या पत्त्याप्रमाणे टपाल टाकलं, पत्ता बरोबर आहे का हे विचारायचं काम माझ्याकडे नव्हतं. ती सवय घरातही राहिली.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची पँट तयार करून द्यायची होती. इस्त्री तापली का हे बघायला ती नेहमी अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक क्षणभर टेकवते. तसं टेकवलं. गरम लागलं नाही, म्हणून टेकवूनच ठेवलं. मला वास आला आणि मी धावत गेलो. ती शांत उभी होती. मला म्हणाली, "अहो, इस्त्री बिघडली वाटतं."

बोटाच्या टोकाची कातडी गेली आहे. भरून येईल असं इथले डॉक्टर म्हणतात. त्या वेळी ती रडली नाही. दुखतच नाही तर रडू कशाला, म्हणाली. संध्याकाळी मात्र रडली. दुखत नाही म्हणूनच रडली.

मी तुला दोष देत नाही. गाठी मी मारल्या आहेत. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, एवढंच नजरेस आणून देतो.

तुझे काका


८ मार्च

मावशी,

काकांनी मला सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागाव.

टेप सोड. तो मापं घ्यायला ठेव. डावा हात उजव्याचं काहीही खात नाही. मी लिहिलेली चढाओढ एकाच ठिकाणी पोचलेल्या तंतूंमध्ये असते, दोन हातांमध्ये नसते. शिवाय ती गोष्ट अंड्यातल्या पिल्लाची होती आणि तू काही पिल्लू नाहीस. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तू एक शब्द मागितलास आणि मला तो लिहायची भीती वाटली, म्हणून मी अंड्यांच्या मागे लपले. इथे रोज कापांकडे बघून कुठे किती पेशी मेल्या हे मी न अडखळता लिहिते. तुझ्या बोटाबद्दल तसं लिहिता येईना. मला फार वाईट वाटतं आहे, मावशी. त्या इस्त्रीपाशी तू उभी आहेस, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

आता उत्तर.

बोटांना स्पर्श कळू लागेल का? बहुतेक हो, पण पूर्वीसारखा नाही. कातडी तंतूची बराच काळ वाट बघते.

अंगठा सुईपर्यंत वळेल का? माहीत नाही, आणि माझा कल नाहीकडे आहे. अंगठ्याच्या मुळाशी जो स्नायू आहे तो कातडीइतका थांबत नाही. अंतर थोडं आहे, पण नेमका स्नायूचाच तंतू तिथे पोचावा लागतो; वर्ष-दीड वर्षात तो पोचला नाही, तर स्नायू वाळतो. मग तंतू आला तरी दार उघडायला आत कुणी नसतं. वीस वर्षांच्या पोरीचा तंतू जितका जोमानं धावतो तितका पन्नाशी उलटलेल्या बाईचा धावत नाही.

लाँड्रीवाल्याला नाही म्हण, असं सांगायला माझ्यापाशी आधार नाही. असता तर ओरडून सांगितलं असतं.

तोवर बोटाला टोचलेलं किंवा भाजलेलं कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघत जा. इस्त्री काकांना तपासू दे.

भिंगरी


२९ मे

भिंगरी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून मी रुसले असं समजू नकोस. [रुसली होती. – काका] बरं, रुसले होते. अंगठ्याचं वाचलं आणि पत्र मशीनच्या खणात टाकून खण लावून घेतला. पण राग निवला तेव्हा वाटलं, निदान कुणीतरी सांगितलं. सर्जन अजून वाट बघा यापुढे गेलेला नाही.

मग मी ठरवून टाकलं. लाँड्रीवाल्याला निरोप दिला की जूनअखेर ये, बोलून टाकू. नवीन काम घेणं बंद केलं. हाती राहिलेली दुरुस्तीची कामं तेवढी उरकत होते. सुई अंगठ्यात धरता येत नाही, म्हणून शेजारच्या आणि मधल्या बोटाच्या फटीत धरते आणि डाव्या हातानं कापड सरकवते. दिसायला भयंकर, पण टीप पडते. टोचलेलं कळायचं नाहीच. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला की समजायचं, बोट मध्ये आलं. किती गिऱ्हाइकांचे कपडे मी धुऊन दिले ते विचारू नकोस. लाँड्रीवाल्याचा तेवढा धंदा मी बुडवला.

काल दुपारी एका शर्टाची खालची कड दुमडून शिवत होते आणि मधल्या बोटात सणसणीत कळ गेली. "आई गं!" म्हणून अशी ओरडले की हे चहाचा कप टाकून आले. [कप ठेवून आलो. – काका] मधलं बोट बघितलं, काही नाही. उलटंसुलटं केलं, काही नाही. ह्यांनी माझा हात उजेडात धरला आणि म्हणाले, "रक्त इथे आहे." थेंब होता शेजारच्या बोटावर, तेच जे इस्त्रीनं भाजलं होतं. सुई शिरली एका बोटात आणि ठणकत होतं दुसरंच. मला वाटलं भास झाला. मुद्दाम पुन्हा टोचलं, तर तेच. जखम इकडे आणि दुखणं तिकडे.

नस गेली ती गेली, आता डोकंही चाललं का गं? मला भीती वाटते आहे. खरं काय ते सांग, आणि कोंबड्या नकोत.

मावशी

[पुन्हा टोचायला मी नकार दिला होता. तिनं स्वतः टोचून घेतलं, चार वेळा. – काका]


५ जून

मावशी,

डोकं जागच्या जागी आहे. तंतू पोचला!

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याउभ्या वाचलं आणि एवढ्या जोरानं ओरडले की आमच्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, त्यांनी खुर्चीतून न उठता विचारलं, "कुठलं अंडं फुटलं?" मी म्हटलं, माझी मावशी ओरडली. त्यांना काही कळलं नाही. मग पत्र वाचून दाखवलं, तेव्हा चष्मा काढून त्यांनी ते स्वतः परत वाचलं.

नस म्हणजे एक दोरा नव्हे, हजारो तंतूंची जुडी. सर्जन जुडीला जुडी जोडतो, पण आतला प्रत्येक तंतू त्याच्या जुन्या वाटेला लावून देणं कुणालाच शक्य नसतं. जे तंतू पुन्हा वाढतात त्यातले काही दुसऱ्याच वाटेनं जातात. पूर्वी मधल्या बोटाकडे जाणारा तुझा एखादा तंतू शेजारच्या बोटात येऊन पोचला. तिथल्या कातडीनं त्याला, तू कुठला, हे विचारलं नाही. जे द्यायचं ते दिलं आणि तो तिथे रुजला. फक्त मेंदूला हे अजून कुणी कळवलेलं नाही. तिकडून काही आलं की तो जुन्या सवयीनं म्हणतो, मधलं बोट.

मेंदूला नवा पत्ता शिकवता येतो. डोळे मिटून बस. कुणीतरी एका बोटाला हात लावायचा, तू कुठलं ते सांगायचं, मग डोळे उघडून बघायचं. चुकलं तर बघत असतानाच पुन्हा तिथेच स्पर्श करायचा. हे रोज करायचं, आणि कंटाळा आला तरी सोडायचं नाही. काकांना सांग, पत्ते चुकलेलं टपाल योग्य घरी लावायचं काम आहे, त्यांच्याइतका लायक माणूस मिळायचा नाही.

अंगठ्याचा शब्द अजूनही माझ्याकडे नाही, तो मागू नकोस. बोटांचा जो शब्द तू जानेवारीत मागितला होतास तो मात्र आता लिहिते: हो.

भिंगरी


१४ जुलै

भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. या वेळी हातही माझाच आहे. पेन दोन बोटांच्या फटीत धरलंय, म्हणून ओळी जिने चढल्यासारख्या वर जाताहेत. थोडंच लिहीन.

लाँड्रीवाला ठरल्या दिवशी टेप घेऊन आला. स्वतःचा टेप, नवाकोरा. भिंतीला लावणार इतक्यात माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्याची ही तऱ्हा. म्हटलं, काढा शर्ट. तो बिचारा बनियनवर स्टुलावर बसून राहिला आणि मी बटण लावत बसले. पूर्वी बोलता बोलता लावलं असतं. या वेळी त्याचा चहा झाला, ह्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, दोघांचे विषय संपले, तेव्हा कुठे माझं झालं. मध्ये एकदा सुई टोचली. मधलं बोट दुखलं आणि मी न बघता शेजारचं बोट तोंडात धरलं. रक्त तिथेच होतं. तेव्हा मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. शर्ट दिला आणि म्हटलं, बटण ओढून बघा. त्यानं ओढलं. तुटलं नाही. मग म्हटलं, दुकान द्यायचं नाही.

खोटं चित्र उभं करत नाही. अंगठा पाहुण्यासारखा नुसता बसून असतो. काजं आता मशीनवर करते, बारीक हातकामाची गिऱ्हाइकं परत पाठवते. पूर्वीच्या निम्मं काम येतं आणि निम्मंच झेपतं. सर्जन म्हणतो अंगठ्याची वाट बघा. बघते. शिवता शिवता बघते, एवढाच फरक.

तुझा अभ्यास रोज दुपारी चालतो. दुकानाचं शटर अर्धं ओढतो. मी डोळे मिटून हात टेबलावर ठेवते आणि हे एकेक बोट धरतात. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. आरसा फुटला त्या दिवशी दवाखान्यातसुद्धा माझी पिशवी धरून उभे होते. हे वाचायला ह्यांना देणार नाही.

बोटं दुखायला लागली. दुखायला लागली, हे लिहितानाही बरं वाटतं.

मावशी

[कागदाच्या शेवटी जागा उरली म्हणून लिहितो. वरचा मजकूर मी वाचलेला नाही, तिनं हातानं झाकून ठेवला आहे. सरावाची प्रगती अशी: अंगठ्याशेजारचं बोट ती आता बहुतेक वेळा ओळखते, मधलं चुकतं. एक जरी चुकलं तरी सगळं पहिल्यापासून करायचं, हा नियम तिनंच केला आहे. सुरुवातीला कमी चुकायची, अलीकडे फारच चुकते. डोळे मिटलेले असतात, पण चेहऱ्यावरून ती मुद्दाम चुकत असावी असा मला संशय आहे. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. – काका]